आयआरसीचा खासगी सर्व्हर: सर्व्हर पासवर्ड की एसएएसएल?

आयआरसी म्हणजे इंटरनेटवरच्या लेखी गप्पांची जुनी पद्धत. मित्रमंडळींपुरता तिचा सर्व्हर उभा केला की दाराला कुलूप कुठलं लावायचं हे ठरवावं लागतं. हेक्सचॅटमध्ये (हा आयआरसीचा एक क्लायंट, म्हणजे गप्पांसाठी वापरायचा प्रोग्राम) नेटवर्क एडिट करताना 'लॉगिन मेथड' उघडा; सर्व्हर पासवर्ड आणि एसएएसएल (जोडणी होतानाच खात्याच्या नाव-पासवर्डने ओळख पटवण्याची पद्धत) हे दोन्ही पर्याय तिथेच दिसतील.

सर्व्हर पासवर्ड जुना. आयआरसीचे नियम सांगणाऱ्या 1993च्या आरएफसी 1459 या दस्तऐवजातही आहे. क्लायंट 'निक' आणि 'युजर' या स्वतःचं नाव सांगणाऱ्या कमांडच्या आधी 'पास' ही पासवर्डची कमांड पाठवतो. चुकला तर 464 क्रमांकाचा एरर. सेटिंग दोन मिनिटांचं, जुनाट क्लायंटलाही जमणारं. पण पासवर्ड सहसा सगळ्यांचा एकच. एकाला बाहेर काढायचं तर तो बदलून बाकीच्यांना कळवत बसा. शिवाय आत आलेला माणूस नेमका कोण, हे कळत नाहीच. (झेडएनसी हा बाउन्सर, म्हणजे तुमच्या वतीने सर्व्हरशी जोडलेला राहणारा मधला प्रोग्राम, मात्र याच रकान्यात 'युजर/नेटवर्क:पासवर्ड' लिहू देतो. जुगाड आहे, पण चालतो.)

एसएएसएलमध्ये प्रत्येकाचं स्वतंत्र खातं. सर्व्हरकडून 903 हा क्रमांक आला की ओळख पटली, 904 आला की नाव-पासवर्ड पुन्हा तपासा. एखाद्याचं खातं बंद केलं तर इतरांना त्याचा पत्ताही लागत नाही. सर्व्हरवर खात्यांची सोय मात्र हवी: एर्गो या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ती अंगभूत आहे, अनरियलआयआरसीडी या दुसऱ्या सॉफ्टवेअरला अनोपसारखी सर्व्हिस (खाती सांभाळणारा वेगळा प्रोग्राम) जोडावी लागते.

एसएएसएलच्या 'प्लेन' या साध्या प्रकारातला पासवर्ड फक्त बेस64 केलेला (वेगळ्या अक्षरांत लिहिलेला, गुप्त न केलेला) असतो, म्हणजे मधल्या माणसाला सहज वाचता येतो. त्यामुळे पर्याय कुठलाही घ्या, 6667 हा साधा, उघडा पोर्ट सोडून टीएलएसचा (जोडणी गुप्त ठेवणाऱ्या एन्क्रिप्शनचा) 6697 पोर्टच वापरा.

चार-पाच जण असतील तर सर्व्हर पासवर्ड पुरे. लोकांची ये-जा असेल तर मी सरळ एर्गो आणि एसएएसएल घेईन.