म्युझस्कोर स्टुडिओ ४: गाणाऱ्या संगीतकाराच्या कामाचं किती?

ऑपेराचं रीतसर शिक्षण घेतलेला गायक स्वतः रचना करायला लागला की त्याला पहिली गरज लागते ती स्वच्छ व्होकल स्कोअरची. म्हणजे आवाजाची एक ओळ, खाली पियानोच्या दोन, आणि रेपेटिटरने (पियानोवर गायकाचा सराव करून घेणाऱ्याने) समोर ठेवल्या ठेवल्या वाजवता येईल अशी छपाई. एवढ्या कामाला म्युझस्कोर स्टुडिओ ४ हे पाश्चात्त्य स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे, आणि ते फुकट आहे. मात्र त्याचा प्लेबॅक, म्हणजे लिहिलेलं ते स्वतः वाजवून दाखवतं ते, ऐकून आवाजासाठी लिहायला जाल तर फसाल.

आधी डाउनलोडबद्दल. सॉफ्टवेअर मिळतं ते म्युझस्कोर डॉट ऑर्गवर. डॉट कॉम ही स्कोअर शेअर करण्याची साइट आहे आणि तिथे सशुल्क सदस्यता असते. बरेच जण तिथे जाऊन कार्डाचा नंबर देऊन बसतात आणि मग ‘फुकट म्हणाले होते’ अशी कुरकुर करतात. स्कोअर लिहायला त्या सदस्यतेची काहीही गरज नाही.

शब्द भरण्याचं काम हा या सॉफ्टवेअरचा सगळ्यात चांगला भाग. पहिला स्वर निवडून कंट्रोल-एल दाबायचं आणि टाइप करत जायचं. शब्द संपला की स्पेस, शब्दाच्या आतलं अक्षर तोडायचं असेल तर हायफन. एकाच अक्षरावर अनेक स्वर असतील तेव्हा मात्र गडबड होते. ते अक्षर शब्दाचं शेवटचं असेल तर पुढच्या प्रत्येक स्वरासाठी अंडरस्कोर, म्हणजे खाली सलग रेघ ओढली जाते. शब्दाच्या मधलं असेल तर पुन्हा पुन्हा हायफन. मधल्या अक्षरावर अंडरस्कोर दिला की शब्द तिथेच संपला असं गायक वाचतो आणि पुढचं अक्षर नव्या शब्दासारखं उचलतो. शिवाय अशा एका अक्षरावरच्या स्वरमालिकेवर (मेलिस्मा) स्लर, म्हणजे स्वर जोडणारी कमान, आपोआप येत नाही, स्वर निवडून एस दाबावा लागतो. इटालियन मजकुरात एका शब्दाच्या शेवटचा आणि पुढच्या शब्दाच्या सुरुवातीचा अ-इ-उ सारखा उच्चार एकाच सुरावर जोडून म्हणायचा असतो, तिथे साधी स्पेस दिली तर दुसरा शब्द पुढच्या सुरावर सरकतो. कंट्रोल-स्पेस दिली की दोन्ही एकाच सुराखाली राहतात. पूर्ण कविता आधीच हायफन घालून तयार असेल तर ती कॉपी करा. पहिल्या सुरावर शब्दांचा मोड उघडून कंट्रोल-व्ही दाबत राहिलं की एकेक अक्षर आपापल्या सुराखाली बसत जातं. लांब आरियाला (ऑपेरातल्या एकल गाण्याला) हाच मार्ग बरा.

डायनॅमिक्सकडे, म्हणजे हळू-मोठ्याच्या खुणांकडे, लक्ष ठेवा. गायकाच्या ओळीत ती स्टाफच्या (पाच रेघांच्या पट्ट्याच्या) वर हवीत, कारण खाली शब्द असतात. खाली आली असतील तर निवडून एक्स दाबा. पियानोची मात्र दोन स्टाफच्या मध्ये.

रेसिटेटिव्ह, म्हणजे बोलल्यासारखं गायचा भाग, लिहिताना माप पाळायचं नसतं, आणि इथे सॉफ्टवेअर थोडं हट्टीपणा करतं. मापाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रत्यक्ष लांबी बदलायची, समजा ४/४ ची ९/४, आणि तालचिन्ह निवडून व्ही दाबून लपवायचं. काम होतं, पण लांबलचक मापात एकदा दिलेला शार्प किंवा फ्लॅट शेवटपर्यंत लागू राहतो, हे लिहिणारा विसरतो आणि वाजवणारा चुकतो. अशा मापांत सावधगिरीची चिन्हं (आठवणीसाठी पुन्हा दिलेले शार्प, फ्लॅट, नॅचरल) सढळ हाताने द्या, कागद थोडा भरलेला दिसला तरी चालेल.

आता प्लेबॅक. म्युझ साउंड्स या जोड-संचातले वाद्यवृंदाचे आवाज फुकट मिळतात आणि ऐकायला खरोखर छान आहेत (डिस्कवर जागा मात्र भरपूर लागते). कोरस ‘आ’, ‘ऊ’ असे नुसते आवाज काढतो, शब्द म्हणत नाही. खरा धोका पुढे आहे. कोणत्याही पट्टीत, कोणत्याही अक्षरावर तो आवाज सारखाच सहज निघतो. त्याला दम लागत नाही, त्याला पसाज्जिओ, म्हणजे आवाज एका पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जातो ती अवघड जागा, माहीत नाही. प्रत्येक आवाजाची मर्यादा ठरवलेली असते आणि तिच्याबाहेरचा स्वर स्क्रीनवर रंग बदलतो हे खरं, पण मर्यादेत बसणं आणि तिथे दोन पानं टिकून गाणं यांत फरक आहे. टेनॉरला वरच्या एफ ते ए एवढ्यातच सतत फिरवत ठेवलंत तर स्क्रीनवर एकही स्वर लाल होणार नाही, गायकाचा गळा मात्र होईल.

अक्षरांचंही तेच. सोप्रानोच्या स्टाफवरच्या सर्वात वरच्या ओळीवरचा एफ सुमारे ६९८ हर्ट्झचा. ‘ई’चा पहिला फॉर्मंट, म्हणजे तोंडात घुमणारी आणि अक्षराला ओळख देणारी कंप्रता, त्याच्या बराच खाली, साधारण तीनशेच्या आसपास असतो. म्हणून तिथे गायिका तोंड उघडून ‘ई’ला ‘आ’कडे झुकवतेच, आणि शब्द ओळखू येत नाही. कथानकाचा महत्त्वाचा शब्द तिथे ठेवू नका. तोलाचंही तसंच: मिक्सरमध्ये आवाजाची पट्टी वर केली की सगळं ऐकू येतं, पण रंगमंचावर माइक नसतो. तिथे गायक वाद्यवृंदाच्या वर ऐकू येतो तो मुख्यतः ३००० हर्ट्झच्या आसपासच्या ऊर्जेमुळे. खालच्या पट्टीत गाणाऱ्या मेझोच्या (सोप्रानोपेक्षा खालच्या स्त्री-आवाजाच्या) मागे त्याच सप्तकात हॉर्न आणि चेलो भरून ठेवले तर मिक्सर ती चूक झाकून टाकतो. लिहिताना एफ१० दाबून मिक्सर उघडा, आवाजाची ओळ म्यूट करा आणि स्वतः गा. यापेक्षा चांगली तपासणी सॉफ्टवेअरमध्ये नाही.

वाद्यवृंदावरून पियानो रिडक्शन, म्हणजे सगळं पियानोवर वाजेल असं आटवणं, आपोआप होत नाही. इम्प्लोड या आज्ञेने स्टाफ एकत्र होतात, पण दोन हातांत बसेल असं काही निघत नाही. ते हातानेच लिहायचं. त्याच फाइलमध्ये पियानोचा वेगळा स्टाफ ठेवा, मुख्य स्कोअरमध्ये तो लपवा आणि पार्ट्समधून आवाज-पियानोची स्वतंत्र प्रत काढा. नाहीतर दुरुस्ती एका प्रतीत होते आणि दुसरीत राहून जाते.

गायकाने एक टोन खाली मागितला तर सगळं निवडून टूल्समधून ट्रान्सपोज करा, की-सिग्नेचरसह. मग पियानोचा डावा हात एकदा नजरेखालून घाला, खालचे ऑक्टेव्ह फार जड झालेले असतात.

डोरिको या दुसऱ्या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक अंक-प्रवेश वेगळा ‘फ्लो’ म्हणून एकाच फाइलमध्ये राहतो. पूर्ण लांबीचा ऑपेरा लिहिणाऱ्याला ती सोय मोठी आहे आणि म्युझस्कोरमध्ये ती नाही, तिथे सेक्शन ब्रेक घालून किंवा प्रवेशागणिक वेगळी फाइल करून भागवावं लागतं. गीतसंग्रहाला किंवा एकांकी ऑपेराला मात्र अडत नाही. काहीही वापरलंत तरी प्रत्येक पूर्ण झालेल्या रचनेची म्युझिकएक्सएमएल (वेगवेगळ्या स्वरलेखन-सॉफ्टवेअरमध्ये उघडता येणारं स्वरूप) आणि पीडीएफ प्रत वेगळी ठेवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये फिनाले हे जुनं स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर बंद होत असल्याचं जाहीर झालं, तेव्हा वर्षानुवर्षांच्या फाइली दुसरीकडे न्यायला लोकांना म्युझिकएक्सएमएलचाच रस्ता उरला होता.