सुती हातकागद: फाल्गुनातल्या चित्रांसाठी आणि पहिल्या खर्ड्यासाठी कितपत चालतो?

आधी निकाल. जलरंगांसाठी ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), खरखरीत, पांढरा सुती हातकागद उत्तम आहे, पण दुकानातच पारखून घेतला तर. लिहिण्यासाठी तोच ताव वापरू नये. त्यासाठी १२० ते १५० जीएसएमचा घोटलेला, गुळगुळीत कागद वेगळा घ्यावा. ‘चित्रही काढा, लेखनही करा’ म्हणून जाड हातकागदाच्या शिवलेल्या वह्या विकतात, त्यांच्यात दोन्ही कामे अर्धवट होतात.

वाईसारख्या गावात चित्रे काढणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसाला माघ-फाल्गुनात कागद सगळ्यात जास्त लागतो. नदीचे पाणी उतरते, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. काटेसावर, पांगारा, पळस पानांशिवाय फुलतात, त्यामुळे फांद्यांची रचना या दिवसांत जितकी स्वच्छ दिसते तितकी पुढे पावसाळाभर दिसत नाही. कृष्णामाईचा उत्सव घाटाघाटांवर फिरत असतो. सकाळी आठ ते साडेदहा उजेड तिरका असतो आणि हवा थंड असते, तेव्हा घाटावर किंवा शेजारच्या मेणवलीच्या घाटावर बसावे. दुपारी ऊन चढले की घरात लिहावे. म्हणजे एकाच दिवशी एकाच पिशवीतला कागद कुंचल्याखालीही जातो आणि बोरूखालीही.

हे परीक्षण एखाद्या कारखान्याच्या मालाचे नाही. होजिअरीच्या पांढऱ्या कात्रणांपासून केलेल्या सुती कागदाचे आहे, मग तो पुण्याचा असो की जयपूरजवळच्या सांगानेरचा. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे, आणि आपल्याकडे जुन्नर व दौलताबादचा कागद त्याच्याही कितीतरी आधीपासून नावाजलेला. कागद करण्याची रीत जाणून घेतली की त्याचे गुणदोष आपोआप समजतात. चिंध्या बारीक कापून बीटर नावाच्या यंत्रात पाण्यासोबत दळतात, लगदा हौदात सोडतात, जाळीच्या साच्याने उचलतात, कापडावर उलटवतात, चेपून पाणी काढतात आणि ताव टांगून वाळवतात. गुळगुळीत हवा असेल तर तो धातूच्या पत्र्यांमध्ये घालून रुळाखालून काढतात. साचा उचलणारा हात दर वेळी सारखाच लगदा घेईल असे नाही, म्हणून एकाच गठ्ठ्यातले दोन ताव जाडीला वेगळे निघतात. यंत्राच्या कागदात तंतू बहुतेक एका दिशेने पडतात, हातकागदात ते बरेचसे सर्व दिशांना विखुरतात. त्यामुळे भिजल्यावर ताव लांबी-रुंदीत जवळजवळ सारखा फुगतो आणि वाळताना एका बाजूला वळत नाही. जलरंगात ही फार मोठी सोय आहे.

खरा प्रश्न सायझिंगचा, म्हणजे कागदाने पाणी लगेच पिऊ नये म्हणून त्याला दिलेल्या खळीचा. तेच कमी पडले तर उरलेले सगळे गुण वाया जातात, म्हणून विकत घेतानाच पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

गठ्ठ्यातल्या एका तावाचा कोपरा मागून घ्या आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मिनिटभर फुगीर राहिला तर कागद चांगला. काही सेकंदांत बसला आणि मागची बाजू काळपट झाली तर तो टिपकागद आहे, रंग त्यात बुडतील. पाणी नसेल तर कोपरा जिभेला लावा. जीभ चिकटली तर सायझिंग नाही. दोन्ही बाजूंना ही परीक्षा करा, कारण पुष्कळ तावांत एक बाजू जास्त घट्ट असते. ज्या बाजूला जाळीची खूण नाही तिथून सुरुवात करा, पण शेवटी थेंब सांगेल तीच बाजू खरी.

दुसरी परीक्षा वजनाची. पूर्ण ताव २२ × ३० इंचांचा, म्हणजे साधारण ५६ × ७६ सेंटिमीटर. ३०० जीएसएमचा असेल तर त्याचे वजन १२८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवे, २०० चा असेल तर ८५, आणि १२० चा असेल तर ५१. लेबलावर ३०० लिहिलेला ताव किराणा दुकानाच्या काट्यावर शंभराच्या आत भरला, तर त्याला २०० समजूनच वागवा, म्हणजे पाटीवर ताणून घ्या. पाच-दहा ग्रॅम इकडे तिकडे असणे हाताच्या कामात स्वाभाविक आहे.

तिसरी गोष्ट उजेडाची. ताव खिडकीसमोर धरा. ढगासारखे पातळ-जाड डाग दिसले तरी चालतील, पण गाठी नकोत. गाठीवर कुंचला अडतो आणि तिथे रंगाचा काळा ठिपका बसतो. पिवळसर, करकरीत, स्वस्त ताव टाळा. तुरटी आणि राळ जास्त घातलेला कागद आम्लधर्मी असतो, तो वर्षागणिक पिवळा पडत जातो आणि घडीवर तुटतो.

आता प्रत्यक्ष वापर. पूर्ण ताव एसटीत सांभाळणे अवघड, म्हणून घरीच त्याचे पाव ताव करून घ्यावेत, म्हणजे ११ × १५ इंच. कात्री लावू नका. घडी घाला, तीच घडी उलट बाजूने घाला, घडीवर ओला कुंचला एकदा फिरवा, पट्टी दाबून धरा आणि सावकाश फाडा. कड मूळच्या कडेसारखी तंतूदार येते. गुंडाळी करू नका. जाड ताव गुंडाळला की वरचे सायझिंग बारीक तडकते आणि वॉश (पातळ रंगाचा सलग थर) दिला की त्या रेषा गडद उमटतात.

फाल्गुनातली कोरडी हवा हा जलरंगाचा मोठा अडथळा. लाकूडलगद्याच्या साध्या ड्रॉइंग कागदावर आकाशाचा वॉश खालपर्यंत नेईतो वरची कड वाळलेली असते आणि पट्टा दिसतो. सुती कागद पाणी धरून ठेवतो, म्हणून तो इथे खरेच उपयोगी पडतो. आधी मागची बाजू स्पंजने ओली करा, दोन मिनिटांनी पुढची करा, आणि पृष्ठभागावरची चमक गेली की रंग लावा. पाव तावाच्या आकाशाला दोन-तीन चमचे, म्हणजे १० ते १५ मिली पातळ रंग आधीच कालवून ठेवा. हा कागद जास्त पितो आणि मध्येच रंग संपला तर दुसरी छटा जुळत नाही. वाळल्यावर रंग बराच फिका आणि मंद दिसतो, म्हणून डोळ्याला हवा त्यापेक्षा निश्चित गडद लावावा. पहिल्या चित्राआधी तुकड्यावर करून पाहावे.

पळसासाठी तर हा कागद मनापासून सुचवावासा वाटतो, आणि त्याचे कारण त्याच्या एका दोषातच आहे. रंग तंतूंत शिरतो, त्यामुळे ओल्या कुंचल्याने तो पुन्हा उचलून घेता येत नाही. चुकलेले पुसण्याची सोय नाही. पण त्यामुळेच फुले आधी रंगवता येतात. पिवळ्यावर शेंदरी, टोकांना थोडे लाल, मखमली देठांना गडद तपकिरी, हे पूर्ण वाळू द्यावे आणि मग भोवतीचे निळे आकाश भरावे. कुंचला फुलाच्या कडेला लागला तरी नारिंगी सुटून निळ्यात मिसळत नाही. उलट क्रम घेतला, म्हणजे आधी निळे आणि त्यावर नारिंगी, तर दोन्ही पूरक रंग एकमेकांना मारतात आणि फूल मातकट होते. मास्किंग फ्लुइड (पांढरी जागा राखण्यासाठी लावायचा रबरी द्रव) या कागदावर लावूच नका. काढताना ते वरचे तंतू सोलून नेते. चिकटपट्टीचेही तेच, म्हणून पाटीला ताव चिमट्यांनी लावावा.

घाटाचा काळा पाषाण खरखरीत बाजूवर सुरेख उतरतो. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तपकिरी) पाण्यात सैल कालवून लावले की निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा पोत वेगळा काढावा लागत नाही. मेणवलीच्या पायऱ्यांवर तिरके ऊन असताना हाच मिश्ररंग जास्त निळा ठेवला की सावली, जास्त तपकिरी ठेवला की उन्हातली बाजू. नळीतला तयार काळा रंग इथे निर्जीव दिसतो. रेखाटनाला एचबी किंवा २बी पेन्सिल पुरे. एच मालिकेतली कडक शिसे चरे पाडतात आणि त्या चऱ्यांत रंग साचतो. खोडरबर मऊ, मळता येणारा घ्या.

२०० जीएसएमचा ताव ताणायचा असेल तर पाण्यात बुडवून तीन-चार मिनिटे ठेवायची नेहमीची रीत कमी सायझिंगच्या कागदाला लागू करू नका. उचलताना तो स्वतःच्या वजनानेच फाटतो. पाटीवर ठेवून मागून-पुढून स्पंजने ओला करा, कडांना दोन इंची गमटेप (ओली करून चिकटवायची कागदी पट्टी) लावा आणि सावलीत आडवा वाळू द्या. उन्हात ठेवला तर मधला भाग आधी आखडतो आणि टेप उपटते.

सायझिंग थोडेच कमी असेल तर घरी भर घालता येते, आणि त्याला फाल्गुन-चैत्राइतका चांगला हंगाम नाही. १०० मिली थंड पाण्यात २ ते ३ ग्रॅम साधे, साखर-रंग नसलेले जिलेटिन वीस मिनिटे भिजवा. मग भांडे गरम पाण्यात ठेवून विरघळवा. उकळू नका, उकळल्याने त्याची पकड कमी होते. चिमूटभरच तुरटी घाला. कोमट असतानाच रुंद कुंचल्याने एक बाजू, ती सुकल्यावर दुसरी बाजू, आणि चिमट्यांना टांगून सावलीत वाळवणे. या हवेत ताव अर्ध्या दिवसात वाळतो. हेच काम आषाढात केले तर कागद ओलाच राहतो आणि त्याला वास येतो. जिलेटिन नको असेल त्यांनी मिथाइल सेल्युलोज वापरावे. गव्हाची किंवा आरारूटची खळ स्वस्त पडते, पण कसर तिच्यावर हमखास येते.

लिहिण्याच्या बाबतीत मत इतके उत्साही नाही. खरखरीत हातकागदावर फाउंटन पेन चालवणे म्हणजे निबचे हाल. सुटे तंतू निबच्या फटीत अडकतात, रेघ अचानक जाड होते, आणि साधी निळी शाई अक्षराच्या कडेने केसासारखी फुटते. मागच्या बाजूला लिहिता येत नाही ते वेगळेच. १२० ते १५० जीएसएमचा गुळगुळीत कागद घेतला आणि त्यावर बारीक निब, घट्टसर शाई वापरली तर पहिला खर्डा समाधानाने होतो. पण रोज दहा पाने लिहिणाऱ्याने साधा लेजर पेपरच वापरावा. हातकागद पत्रांसाठी, कवितेच्या शेवटच्या प्रतीसाठी, निमंत्रणांसाठी ठेवावा.

बोरूची गोष्ट मात्र निराळी. बोरूचे टोक तंतू उपटत नाही, शाई बेताने सोडते, आणि हातकागदावर देवनागरीचा जाड-बारीक फरक छापील कागदापेक्षा जिवंत दिसतो. त्याआधी कागद घोटून घ्यावा. दौलताबादी, जुन्नरी कागद दगडाने घोटत असत. घरी स्टीलच्या चमच्याची पाठ किंवा गुळगुळीत अकीक पुरतो. कोरड्या तावावर पातळ कागद ठेवून गोलाकार दाबत गेले की पृष्ठभागाला तुकतुकी येते आणि शाई फुटणे पुष्कळ कमी होते. चित्रात अक्षरे लिहायची असतील तर फक्त तेवढीच पट्टी घोटावी. वाळल्यावर पाण्यात न विरघळणारी ड्रॉइंग इंक बोरूत किंवा टाकात चालते, फाउंटन पेनमध्ये घालू नका. वाळली की पेन कायमचे तुंबते.

न घेण्यासारखे काय? गुलाबपाकळ्या, गवत घातलेला सजावटीचा हातकागद. पाकळीवर वॉश गेला की तपकिरी डाग सुटतो. जाड कातडी वेष्टनाच्या वह्याही नकोत, त्या सपाट उघडत नाहीत आणि शिवणीजवळच्या दोन इंचांत कुंचला जात नाही. संपादकाकडे चित्र पाठवायचे असेल तर तंतूदार कडेचा ताव कागद ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये घालू नका. सपाट काचेच्या स्कॅनरवर ३०० डीपीआय ठेवा. खरखरीतपणाची सावली फार उमटली तर दारातल्या मोकळ्या सावलीत, वरून सरळ मोबाइल धरून फोटो काढा.

किमतीत हा कागद परदेशी सुती कागदापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, आणि सराव करणाऱ्याला तेवढ्यासाठीही तो घ्यावासा वाटेल. पण एकदम रीमभर घेऊ नये. दमट हवेत सायझिंग कमजोर होते, आणि मार्चमध्ये उत्तम असलेला ताव सप्टेंबरात थेंब पिऊ लागतो. कधी वॉश दिल्यावरच बुरशीचे फिके ठिपके उमटतात. होळीपासून ज्येष्ठापर्यंत संपेल इतकाच घ्यावा. बहुतेकांना पूर्ण तावांचा एक दस्ता, म्हणजे २४ ताव, पुरतो. उरलेले दोन पुठ्ठ्यांमध्ये आडवे, प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून, भिंतीपासून लांब ठेवावेत आणि दसऱ्यानंतर वापरण्याआधी थेंबाची परीक्षा पुन्हा करावी.