सिम्पाय: अनंताची वजाबाकी करायला चांगलं साधन, पण लिमिटची दिशा जपा

अनंतातून अनंत वजा केलं तर काय उरतं? पायथन या प्रोग्रामिंग भाषेसाठीच्या सिम्पाय या मोफत गणिती लायब्ररीत उत्तर येतं 'नॅन', म्हणजे किंमत ठरत नाही. हे उत्तर बरोबरच आहे. क्ष वाढत गेला की (क्ष + 5) − क्ष मध्ये 5 उरतात, क्ष² − क्ष वाढतच जातं, आणि √(क्ष² + क्ष) − क्ष हे 1/2 च्या जवळ सरकतं. तिन्हीकडे अनंत वजा अनंतच, तरी शिल्लक वेगवेगळी. एकच उत्तर छापलं असतं तर उरलेल्या दोन ठिकाणी ते खोटं ठरलं असतं.

सिम्पायची खरी किंमत त्या तिसऱ्या पदावलीत कळते. पायथनच्या साध्या दशांश संख्यांत क्ष = 1000 ला 0.499875 येतं, ठीक. 10¹⁷ ला मात्र थेट 0, कारण जेमतेम 16 अंक धरले जातात आणि 10³⁴ मध्ये मिळवलेले 10¹⁷ त्यात हरवून जातात. 10²⁰⁰ ला वर्ग गुणाकार करून काढला तर उत्तर अनंत. घातचिन्ह वापरून काढला तर ओव्हरफ्लोची, म्हणजे संख्या मावत नसल्याची एरर. क्ष च्या जागी अनंतच ठेवलं की नॅन. सिम्पायचं 'लिमिट', म्हणजे पदावली कोणत्या किमतीकडे सरकते ते काढणारी आज्ञा, 1/2 देतं, तेही अपूर्णांकात. त्यासाठी आधी चल 'सिम्बॉल' म्हणून जाहीर करायचं आणि अनंतासाठी इंग्रजी ओ दोनदा टाइप करायचा, बस.

आता खटकणाऱ्या गोष्टी. 1 भागिले 0 नुसतं लिहिलं तर भागाकार पायथनच करतो आणि एरर येते. 1 ला आधी सिम्पायचा पूर्णांक करावा लागतो. मग 'झू' मिळतं, म्हणजे दिशा नसलेलं अनंत. त्यात 5 मिळवा, झूच राहतं. (भास्कराचार्यांनी 12 व्या शतकात 'खहर' म्हणजे शून्याने भागलेल्या राशीबद्दल हेच सांगितलं होतं.)

सगळ्यात घातक म्हणजे, दिशा दिली नाही तर लिमिट फक्त उजवीकडून काढलं जातं. त्यामुळे 1/क्ष ला शून्यापाशी निमूटपणे अनंत असं उत्तर येतं, आणि डावीकडचं उणे अनंत दिसतच नाही. बारावीच्या मुलांना हे साधन देताना दोन्ही दिशा वेगवेगळ्या चालवून दाखवा. अनंताचा शून्यावा घातही इथे 1 येतो, जरी खरं तर त्याचीही एक किंमत ठरत नाही. तिथेही थेट किंमत न घालता लिमिटच काढायला लावा.