न्यायसहायक विज्ञानाचे सहा शनिवार, रत्नागिरी

मी पूर्णगड खाडीकाठच्या एका गावची पोलीस पाटील. प्रेत किनाऱ्याला लागलं की पहिला फोन मलाच येतो. म्हणून रत्नागिरीतल्या या वर्गाला नाव घातलं. सहा शनिवार, फी पंधराशे.

शिकवणाऱ्या मॅडम बरीच वर्षं न्यायसहायक म्हणजे फॉरेन्सिक प्रयोगशाळेत व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढून ठेवलेले मृताचे अवयव, तपासत होत्या, आता विद्यापीठात शिकवतात. पहिले दोन शनिवार जड गेले. मॅडम अहवाल वाचून दाखवावा तशा बोलायच्या, छापील टिपणं सगळी इंग्रजीत. शेवटी एका होमगार्डने उठून सांगितलं, "मॅडम, काहीच कळलं नाही."

तिसऱ्या शनिवारी त्या मिरकरवाड्यातून बांगडा घेऊन आल्या. त्याचं रक्त फडक्याला लावलं, वर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब. फडकं लगेच गुलाबी! आम्ही सगळे म्हणालो, रक्त. "कुणाचं?" मॅडमनी विचारलं आणि वर्ग गप्प झाला. ही चाचणी माणूस आणि मासा यांत फरक करत नाही, काही भाज्यांच्या रसानेही फसते. पक्कं सांगायला पुढच्या चाचण्या लागतात. मासळी उतरवणाऱ्या माणसाच्या शर्टावरचा डाग बघून आपण काय काय बोलून जातो, ते त्या दिवशी मला लागलं.

माझ्यासाठी खरा वर्ग पाचवा. डायटम म्हणजे पाण्यातलं एकपेशीय शेवाळ, त्याचं कवच सिलिकाचं. जिवंत माणूस बुडताना पाणी फुफ्फुसात ओढतो आणि हृदय चालू असतं, त्यामुळे डायटम रक्तातून अस्थिमज्जेपर्यंत पोचू शकतात. मज्जा नायट्रिक आम्लात उकळली की बाकी सगळं विरघळतं, कवच उरतं. ते सापडलं तर माणूस पाण्यात पडला तेव्हा जिवंत असावा. ही चाचणी एकटीने निर्णायक नाही, हेही त्यांनी दोनदा बजावलं. पण ताडून बघायला त्याच जागेचं पाणी लागतं. समुद्र, खाडी, विहीर, प्रत्येकातले डायटम वेगळे.

आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी एक खलाशी गेला. पाण्याचा नमुना कुणी घेतलाच नव्हता. अहवालात आलं, मत देता येत नाही. त्याची आई अजून मला विचारते, "बाय, तो बुडाला की कुणी टाकला?"

हे मी वर्गात सांगितलं. मॅडम थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे वाक्य मी फार वेळा लिहिलंय. नमुना इथेच चुकला की तिथे माझ्या हातात काही उरत नाही. म्हणून तर शिकवायला आले."

व्हिसेऱ्याच्या बरणीत मिठाचं द्रावण इतकं घट्ट हवं की तळाशी मीठ न विरघळता दिसलं पाहिजे. रक्ताचे ओले कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे. प्लॅस्टिकमध्ये, त्यातून आपल्या पावसाळ्यात, बुरशी धरलीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने जागेवर जायचं आहे. पण तज्ज्ञ येईपर्यंत जागा राखायची आम्हीच.

बावीस जणांत सूक्ष्मदर्शक एकच, हे मात्र सुधारायला हवं. टिपणं मराठीत हवीत.

नमुना घेणं माझं काम नाही. पण मागच्या महिन्यात पंचनाम्याला मी हवालदारांना विचारलं, "दादा, खाडीचं पाणी घेतलंत?" त्यांनी बाटली मागवली. पुढची तुकडी गणपतीनंतर आहे, शेजारच्या दोन गावांच्या पोलीस पाटलांची नावं मी देऊन ठेवली आहेत.