संशोधन संस्थांचे अनुदान कशावर ठरवावे : ब्रिटन, नॉर्वे आणि नेदरलँड्स यांच्या पद्धतींचा तुलनात्मक आढावा

सार्वजनिक विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या अनुदानाचा काही भाग कामगिरीवर ठरवावा, असा प्रस्ताव आला की समितीतला बहुतेक वेळ कोणता निर्देशक, म्हणजे कामगिरी मोजण्याचे माप, अधिक विश्वासार्ह या वादात जातो. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. निर्देशकावर एकूण रकमेचा किती हिस्सा सोपवायचा, तो संस्थेच्या पातळीवर थांबवायचा की प्राध्यापकाच्या पदोन्नतीपर्यंत जाऊ द्यायचा आणि दिलेली माहिती तपासायला सक्षम माणसे आहेत का, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी ठरवावी लागतात. पुढील तीन देशांनी ती अगदी वेगवेगळी दिली आहेत.

ब्रिटनमध्ये 1986 पासून ठरावीक वर्षांनी विद्यापीठांच्या संशोधनाचे देशव्यापी परीक्षण होते आणि त्याच्या निकालावर मूलभूत संशोधन अनुदान वाटले जाते. 2021 च्या फेरीत 157 संस्थांनी 34 विषयगटांत मिळून 1,85,594 शोधनिबंध, ग्रंथ आणि अन्य कामे सादर केली, आणि तज्ज्ञांच्या मंडळांनी दर्जानुसार प्रत्येक कामाला जास्तीत जास्त चार तारे दिले. एकूण गुणांत प्रकाशित कामाला 60 टक्के, संशोधनाच्या समाजावर झालेल्या परिणामाला 25 टक्के आणि संशोधनाच्या वातावरणाला 15 टक्के भार होता. कोणत्या नियतकालिकात निबंध छापला गेला यावरून दर्जा ठरवण्याची मंडळांना मुभा नव्हती. एखाद्या विभागात 20 पूर्णवेळ संशोधक असतील, तर त्याने सरासरी माणशी अडीच या हिशेबाने 50 कामे द्यायची आणि परिणाम दाखवणारी तीन प्रकरणे पुराव्यांसह लिहून द्यायची. चार तारे मिळालेल्या कामाला तीन ताऱ्यांच्या कामाच्या चौपट पैसे मिळतात आणि दोन तारे किंवा त्याखालच्या कामाला काहीच मिळत नाही. त्यामुळे तीन आणि चार ताऱ्यांमधल्या रेषेवर विभागाचे भवितव्य ठरते, आणि ही रेष नेमकी कुठे आहे हे सांगणे परीक्षकांनाही सोपे नसते.

या पद्धतीचा मोठा गुण असा की कामाचे मोल शेवटी त्या विषयातला माणूस वाचून ठरवतो. मोठा दोष खर्चाचा आहे. 2014 च्या फेरीला सुमारे 24.6 कोटी पौंड लागले होते, तर 2021 च्या फेरीचा अंदाज 47.1 कोटी पौंडांवर गेला. दरवर्षी सुमारे 2 अब्ज पौंड यावर वाटले जातात आणि दोन फेऱ्यांत सात वर्षांचे अंतर होते, हे धरले तर रुपयामागे साडेतीन पैशांच्या आत खर्च पडतो. हा आकडा अवाजवी वाटत नाही, पण तो वाटपाची रक्कम प्रचंड असल्यामुळे. पंचवीस-तीस संस्थांसाठी आणि काही कोटींच्या निधीसाठी अशी यंत्रणा उभी केली, तर वाटायच्या पैशाचा डोळ्यात भरेल इतका भाग परीक्षणातच संपेल.

नॉर्वेने 2000 नंतरच्या दशकात अवलंबलेली पद्धत याच्या अगदी उलट होती. तिथे परीक्षक कामे वाचत नसत, प्रकाशनांना सूत्राने गुण मिळत. विषयवार समित्या नियतकालिके आणि प्रकाशनसंस्था दोन स्तरांत विभागत, आणि वरच्या स्तरात त्या विषयातल्या साधारण एक पंचमांश प्रकाशनांनाच जागा असे. खालच्या स्तरातल्या निबंधाला 1 गुण, वरच्या स्तरातल्या निबंधाला 3, तर ग्रंथाला अनुक्रमे 5 आणि 8. समजा, वरच्या स्तरातल्या निबंधाचे चार लेखक आहेत आणि त्यांपैकी एकच एका विद्यापीठाचा आहे. मूळ सूत्रानुसार त्या विद्यापीठाला 3 चा चौथा हिस्सा म्हणजे 0.75 गुण मिळत. यामुळे मोठ्या गटांत काम करणाऱ्या वैद्यक आणि भौतिकशास्त्र या विषयांवर अन्याय होतो, असे दिसल्यावर 2015 मध्ये हिश्श्याचे वर्गमूळ घेण्यात आले आणि त्याच निबंधाला 1.5 गुण मिळू लागले. एका ओळीच्या दुरुस्तीने गुण दुप्पट होतात, हे सूत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

तरीही या सूत्राने फारसे नुकसान केले नाही, कारण त्यावर संस्थांच्या निधीपैकी जेमतेम दोन टक्के रक्कम अवलंबून होती. दुसरे असे की प्रकाशनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नॉर्वेजियन भाषेतले ग्रंथही मोजले जात. आपल्याकडे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने विद्यापीठांना संशोधन कामगिरीवर निधी देणारी ‘पर्स’ ही योजना आणली, तेव्हा आधार स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीतल्या निबंधांचा होता. विज्ञान विषयांपुरते ते ठीक होते. पण तोच मापदंड मराठी किंवा इतिहास विभागाला लावला, तर मराठीतल्या चिकित्सक संपादनाला, म्हणजे जुन्या ग्रंथाचे पाठ ताडून तयार केलेल्या आवृत्तीला, शून्य गुण मिळतील.

नुसती संख्या मोजल्याने काय होते याचे उदाहरण म्हणून ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवले जाते. तिथे निधीच्या सूत्रात प्रकाशनांची संख्या आल्यावर निबंध वाढले, पण वाढ मुख्यतः कमी उद्धृत होणाऱ्या नियतकालिकांत झाली, असा निष्कर्ष संशोधक लिंडा बटलर यांनी 2003 मध्ये मांडला. 2017 मध्ये इतर संशोधकांनी त्याला आव्हान दिले, त्यामुळे तो निर्विवाद पुरावा म्हणून समितीपुढे ठेवू नये. त्यापेक्षा आपला घरचा अनुभव अधिक ठळक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने प्राध्यापकांची निवड आणि पदोन्नती गुणांकांशी जोडली आणि निबंध कुठेही छापून आणण्याची घाई सुरू झाली. पुढे आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली. त्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली 1009 नियतकालिके पुण्यातील सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या संशोधकांच्या सहभागाने तपासण्यात आली, तेव्हा 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याची शक्यता दिसली. हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी आयोगाने 4,305 नियतकालिके यादीतून वगळली. निर्देशक माणसाच्या पगाराला जोडला की तो किती लवकर पोखरला जातो, ते इथे दिसते.

नेदरलँड्समध्ये दर सहा वर्षांनी प्रत्येक संशोधन गटाचे बाहेरच्या तज्ज्ञांकडून मूल्यमापन होते, पण त्याच्या निकालावर सरकारी अनुदान ठरत नाही. गटाने स्वतःची उद्दिष्टे सांगायची आणि तज्ज्ञांनी त्यांच्याशी ताडून पाहायचे, अशी रचना आहे. 2021 पासूनच्या नियमावलीत तर आकड्यांतले गुणही काढून टाकले आहेत. पैशांचा दबाव नसल्यामुळे गट आपल्या अडचणी मोकळेपणाने लिहू शकतो. संस्थेचे नेतृत्व उदासीन असेल, तर मात्र अहवाल कपाटात जातो.

दीर्घ पल्ल्याच्या कामांसाठी याहून बरी पद्धत मला दिसत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाचे काम 1948 मध्ये सुरू झाले आणि पहिला भाग 1976 मध्ये निघाला. वार्षिक प्रकाशनांवर अनुदान बेतले असते, तर त्या अठ्ठावीस वर्षांत शब्दांची लक्षावधी टिपणे लिहिणारा विभाग कागदावर निष्क्रिय ठरला असता.

आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा मार्ग यांहून वेगळा आहे. परिषदेचा आढावा घेणाऱ्या अबिद हुसेन समितीने 1986 मध्ये प्रयोगशाळांनी खर्चाचा एक तृतीयांश भाग बाहेरून मिळवावा असे सुचवले होते. बाहेरचे उत्पन्न हा लेखापरीक्षकाला सर्वांत सहज तपासता येणारा निर्देशक आहे, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या उद्योगाशी जवळीक असलेल्या संस्थेला तो मानवतो. मूलभूत विज्ञानाच्या संस्थेला मात्र तो चाचण्या आणि सल्लागारीच्या किरकोळ कामांकडे ढकलतो.

निर्णय घेणारा राज्याच्या पातळीवर असेल, संस्था थोड्या असतील आणि प्रकाशनांची विश्वासार्ह नोंदवही नसेल, तर मी ब्रिटनचा मार्ग सुचवणार नाही. वेतन आणि आस्थापनेचा खर्च सूत्राबाहेर ठेवून वेतनेतर अनुदानाचा छोटा हिस्सा, पाच टक्क्यांच्या आतला, नॉर्वेसारख्या गुणांवर द्यावा आणि त्यात मराठी ग्रंथांना व चिकित्सक आवृत्त्यांना स्वतंत्र स्थान असावे. सोबत नेदरलँड्सच्या धर्तीवर सहा वर्षांनी मूल्यमापन व्हावे, मात्र त्याचा अहवाल व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवणे आणि त्यावरील कार्यवाही जाहीर करणे बंधनकारक असावे. निधी मोठा असेल आणि परीक्षक राज्याबाहेरून आणता येत असतील, तरच कामे वाचून परीक्षण करण्याचा विचार करावा, आणि तोही मोजक्या विषयांपुरता. पहिली दोन वर्षे सूत्राचे निकाल पैसे न हलवता नुसते प्रसिद्ध करावेत. त्या काळात कोणत्या विभागाचे गुण अनपेक्षितपणे चढले, ते तपासले तर बहुतेक पळवाटा पैसे वाटण्याआधीच सापडतील.