सीरम तपासायचा तर साधा रामन की चांदीच्या कणांवरचा?

सांगलीत एमएस्सीच्या प्रकल्पाला रक्ताचा सीरम किंवा जिवाणू घेतले की हा पेच येतोच. रामन म्हणजे नमुन्यावर लेसर टाकून, विखुरलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या रंगावरून त्यातले रेणू ओळखणं. साध्या रामनचं सुख असं, की नमुन्यात काही मिसळावं लागत नाही. पाण्याचा सिग्नल क्षीण असल्याने ओला नमुनाही चालतो; इन्फ्रारेड पद्धतीचं घोडं नेमकं तिथेच अडतं. पण कोटभर फोटॉनांतला जेमतेम एखादा रामन पद्धतीने विखुरतो, आणि वर फ्लुरोसन्सचा, म्हणजे नमुना स्वतःच चमकून सिग्नल झाकण्याचा, त्रास. ७८५ नॅनोमीटरच्या लेसरने तो कमी होतो, जात नाही. (आपल्या हळदीचं तर विचारूच नका; तिला १०६४चा बरा.)

१९७४ साली खडबडीत चांदीवर पिरिडीन या रसायनाचे ठळक पट्टे दिसले, तिथून दुसरी वाट निघाली. चांदी-सोन्याच्या नॅनोकणांवर सिग्नल लाखो पटींनी वाढतो. मात्र ही मेहेरबानी कणाला अगदी चिकटलेल्या रेणूंवरच. साध्या रामनमध्ये सीरमच्या प्रथिनांतलं फेनिलअ‍ॅलनीन वर्णपटात १००३ सेमी⁻¹ला ठळक दिसतं. चांदीवर मात्र प्रथिनं भरपूर असूनही बऱ्याचदा युरिक आम्ल आणि हायपोझँथिन हे छोटे रेणूच मिरवतात. म्हणजे चित्र नुसतं मोठं होत नाही, बदलतं.

शिवाय कोलॉइडची, म्हणजे चांदीचे नॅनोकण तरंगणाऱ्या द्रावणाची, मर्जी. सिल्व्हर नायट्रेट सायट्रेटसोबत उकळून ते कुठल्याही लॅबमध्ये होतं, पण मीठ चिमूटभर जास्त पडलं की पिवळट-करडं द्रावण काळवंडून तळाशी बसतं. दोन बॅचचे आकडे जुळतील याची खात्री नाही.

ऊती जशीच्या तशी बघायची तर मी साधाच घेईन. अत्यल्प प्रमाणातला एखादाच रेणू हुडकायचा असेल, तरच चांदीच्या नादी लागावं, तेही सगळे नमुने एकाच बॅचवर घेऊन.