नाशिकचा फ्लॅट, एजंट आणि हेवी डिपॉझिटचा घोळ

मुंबई-पुण्यात राहून नाशिकला गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेऊन ठेवलेले खूप जण आहेत, आणि सिंहस्थ जवळ आलाय म्हणून अजून घेतायत, त्यांनी हे वाचाच. घेताना काय बघायचं ते सगळे सांगतात, महारेरा नंबर बघा, इंडेक्स टू बघा, सर्च रिपोर्ट काढा. आमचे कागद एकदम क्लिअर होते. आम्हाला गंडवलं ते भाड्यात.

पाथर्डी फाट्याला टू बीएचके आहे, आम्ही राहतो पुण्यात. अंबड एमआयडीसी जवळ असल्याने भाडेकरू पटकन मिळतो. एका एजंटने सगळं अंगावर घेतलं, भाडेकरू बघणं, मेंटेनन्स भरणं, नळ गळला तर प्लंबर, "दादा तुम्ही कशाला हेलपाटे मारताय, ११ हजार दर महिन्याला खात्यात पडणार म्हणजे पडणार". आणि पडतही होते, पाच तारीख कधी चुकली नाही, मग कोण कशाला चौकशी करतंय? अ‍ॅग्रीमेंटचं विचारलं की "होतंय दादा, भाडेकरूचं आधार अपडेट नाहीये, थंब (अंगठ्याचा ठसा) लागत नाहीये".

मग एका महिन्यात भाडं आलं नाही, एजंटचा फोन बंद, तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन की मेंटेनन्स वर्षभर थकलाय. गेलो नाशिकला. भाडेकरू जळगावकडचं साधं कुटुंब, नवरा कंपनीत. वहिनींनी आधी चहा ठेवला आणि मग कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढला. १०० रुपयांचा स्टॅम्प, त्यावर नोटरीचा शिक्का, मुदत तीन वर्षं, डिपॉझिट ५ लाख, भाड्यापुढे "निरंक". खाली माझी सही, इंग्रजीत. मी आयुष्यात मराठीशिवाय सही केलेली नाही. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, आमचे ५ लाख द्या, आम्ही लगेच खाली करतो." आता बोला!

म्हणजे बघा, त्यांच्याकडून हेवी डिपॉझिट घ्यायचं, भाडं नाही म्हणून सांगायचं, आणि त्यांच्याच पैशातून मला दर महिन्याला ११ हजार पाठवायचे. मी खुश, ते खुश, आणि उरलेले सगळे याच्या हातात. असे बरेच फ्लॅट त्याच्याकडे होते, याची टोपी त्याला चाललेलं, नवीन डिपॉझिट येईनासं झालं तसं सगळं बसलं.

वकिलाने जे सांगितलं ते ऐकून जास्त टरकलो. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, करार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही, एजंटची तर नाहीच. असा रजिस्टर करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध करायचं काम आपलं, वर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोटरी केलेला कागद म्हणजे रजिस्टर नव्हे, हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपला भाड्याचा करार, घरबसल्या ऑनलाइन रजिस्टर होतो, मालकाचा थंब लागतो, शहरात फी १ हजार, स्टॅम्प ड्युटी पाव टक्का. एवढ्यासाठी एजंटच्या "होतंय दादा"वर बसायचं नाही.

पोलिसात आधी "हे सिव्हिल मॅटर आहे" ऐकावं लागलं, पण भाडेकरू आणि मी एकत्र गेलो, त्याची ५ लाखांची तक्रार आणि माझी खोट्या सहीची, तेव्हा कुठे लिहून घेतलं. दोघांनी एकमेकांवर आरडाओरडा केला असता तर एजंटचंच फावलं असतं. आता नवीन करार रजिस्टर केलाय, भाडं थेट माझ्या खात्यात येतं, त्यांचे ५ लाख मात्र अजून लटकलेलेच.

तुमचा फ्लॅट असा कुणी "मॅनेज" करत असेल तर आजच भाडेकरूला परस्पर फोन लावा, डिपॉझिट किती दिलं, कुणाच्या नावावर दिलं, कागद कोणता आहे, फोटो मागवा. एजंट नंबरच देत नसेल, "त्यांना डिस्टर्ब नको दादा" म्हणत असेल, तर सरळ गाडी काढा आणि जाऊन दार वाजवा.